पावसाआधी तीन वाड्यांत ओला कचरा आणि पावसाचं पाणी शिकवायचंय. काय सांगू, काय गाळू?

वाडीवरची_ताई

नमस्कार मंडळी,

मी संगमेश्वर तालुक्यात बचत गटांचं काम बघते. सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणतात आम्हाला. यंदा वरून सांगणं आलंय की पाऊस लागायच्या आत तीन वाड्यांतल्या बायकांना ओल्या कचऱ्याचं खत आणि पावसाचं पाणी साठवणं असं दोन्ही शिकवायचं. सोबत एक पीपीटी दिलीय. तिच्यात हिरवा डबा, निळा डबा, एका बिल्डिंगची गच्ची आणि गच्चीवरून खाली येणारा पाइप. आमच्याकडे गच्ची आहे कोणाची? घरं कौलारू, काहींवर आता पत्रे आलेत. आणि हिरव्या डब्यात टाकायचं काय? भाताची पेज, भाजीची देठं सगळं गाय नाहीतर कोंबड्या खातात. ज्यांनी गुरं विकली त्यांचंच काय ते मागच्या दारी पडतं.

पण कचरा नाही असंही नाही. मे महिन्यात चाकरमानी आले की वाडी दुप्पट होते. आंब्याच्या साली, कोयी, फणसाचे अवशेष, मासळीचं पाणी, शिवाय पिशव्या आणि पोरांचे डायपर. न्हाणीचं पाणी पाणंदीत येतं, तिथे डास. आणि नेमकं तेव्हाच विहिरीला पाणी नसतं, टँकरची वाट बघायची. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या तालुक्यात टँकर! हे मी बायकांना कोणत्या तोंडाने समजावू?

दुपारी दोन ते चार एवढाच वेळ मिळतो. त्यातही अर्ध्या जणी घड्याळाकडे बघत असतात, गुरं यायची असतात. मागे एकदा बाहेरून आलेल्या मॅडमनी पर्यावरणावर तासभर सांगितलं. बायका गोड हसल्या, चहा घेतला, घरी गेल्या. मला तसं करायचं नाहीये. ज्यांनी गावात हे खरंच केलंय त्यांनी सांगा. पैसे कोणाकडे मागायचे तेही सांगा. बचत गटाच्या पैशाला मी हात लावणार नाही.

गच्चीतली_बाग

ताई, मी पुण्याची, सोसायटीवाली, म्हणजे तुम्ही ज्या गच्चीवर चिडलात तीच गच्ची आमची. :) तरी एक सांगते, कामाला येईल तर घ्या.

आमच्या सोसायटीत २०१६ चे घनकचरा नियम आल्यावर पळापळ झाली. रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी आपला ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं काहीसं सगळ्यांना कळलं आणि समितीने कंपोस्टचं मोठं यंत्र घ्यायचा घाट घातला. प्रशिक्षण झालं, प्रोजेक्टर लावून, रविवारी सकाळी, फ्लॅटमालकांना. वास्तविक त्यातल्या निम्म्या लोकांनी वर्षभरात घरच्या कचऱ्याच्या बादलीला हात लावलेला नव्हता. बादली उचलतात घरकामाच्या ताई. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं. पुढे दोघीतिघींनी मिळून त्यांना खाली बोलावून, उभ्या उभ्या, एका बादलीत काय आणि दुसरीत काय हे दाखवलं, तेव्हा कुठे वर्गीकरण सुरळीत झालं.

तेव्हा वाडीत बादली कोण उचलतं ते बघा. बहुतेक सून उचलत असेल आणि बैठकीला सासू येत असेल. दोघींना एकत्र बोलवा.

दुसरं, अळ्या. खतात करड्या रंगाच्या, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या की लोक किंचाळून सगळं फेकून देतात. त्या बहुतेकदा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या खरकटं झपाट्याने खातात आणि त्यांची माशी घरात येऊन ताटावर बसत नाही. हे आधीच दाखवून ठेवा, फोटो दाखवा, म्हणजे घाबरणार नाहीत. घरमाशीची अळी वेगळी, पांढरी आणि निमुळती. ती दिसली तर समजायचं की वरून सुकं घालायला कोणीतरी विसरलंय.

गोदाकाठचा

ताई राम राम. मी नांदेडकडचा. आमच्याकडं हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी म्हणून गाव आहे. त्यांनी घरोघरी शोषखड्डे केले आणि गावातली उघडी गटारं बंद केली. डास हटले. आजूबाजूची गावं बघायला येऊ लागली, मग जिल्ह्यातच ते पसरलं. ‘मॅजिक पिट’ म्हणतात लोक.

खड्डा साधारण चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मधी सिमेंटची छोटी टाकी ठेवायची, तिला वरच्या अंगाला भोकं. टाकीच्या भोवती दगड, खाली मोठे, वर बारके. न्हाणीचं पाणी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी भोकातून दगडात जातं आणि जमिनीत मुरतं. वरून झाकण. चार-सहा महिन्यांनी टाकीतला गाळ काढायचा, बास. काळ्या मातीत मात्र पाणी मुरत नाही, ती धरून बसते. खाली मुरूम लागेस्तोवर खोदावं लागतं.

आमच्याकडं रोजगार हमीतून झाले हे खड्डे. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. ग्रामरोजगार सेवकाला गाठा, त्याला अंदाजपत्रक माहीत असतं. वित्त आयोगाचे जे पैसे ग्रामपंचायतीला येतात त्यातला मोठा भाग ‘बंधित’ असतो, पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं लावता येत नाही. सरपंच ‘पैसे नाहीत’ म्हणाले तर ‘बंधितमधी किती शिल्लक आहे’ एवढंच विचारा. चेहरा बघण्यासारखा होतो.

पर्यावरण बिर्यावरण सांगूच नका. डास सांगा. डास सगळ्यांना चावतो.

जुना_कृषीसहाय्यक

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी मूळचा पुसदकडचा, पण नोकरी सगळी कोकणात गेली, लांजा-राजापूर-कणकवली पट्ट्यात. आता घरी बसलोय, त्यामुळे लांब लिहितो, चालवून घ्या.

आधी एक स्पष्ट बोलतो. दोन तासांत खत आणि पाणी दोन्ही शिकवता येत नाही. वरून सांगितलंय म्हणून हजेरीपटावर दोन्ही विषय लिहा, पण वाडीत एकच काम उभं करून या. एका घरी, त्या घरच्या बाईच्या हाताने, तिच्याकडे पडलेल्या सामानातून. बाकीच्या भोवती उभ्या राहून बघतील, नावं ठेवतील, सूचना करतील. नावं ठेवल्या म्हणजे लक्ष आहे असं समजा. गोड हसल्या तर दुपार फुकट गेली.

मे महिन्यात काय उभं करायचं? पातेरा. खत नव्हे, पातेरा, म्हणजे झाडांखाली पडलेला सुका पाला. माझं सगळं सांगणं एवढंच आहे, पण ते नीट सांगतो.

खत कुजतं ते ओलं आणि सुकं यांच्या मेळाने. ओल्यात नत्र जास्त, सुक्यात कर्ब जास्त. कर्ब पंचवीस-तीस भाग आणि नत्र एक भाग असं जमलं की जंतू तेजीत येतात, ढीग तापतो. हे आकडे बायकांना सांगू नका. त्यांना सांगा, ओलं एक टोपलं तर पातेरा दोन टोपल्या. आता गंमत बघा. ओलं बारा महिने मिळतं. पातेरा मिळतो कधी? माघ ते वैशाख. जुलैत खळ्याच्या कडेला हात घाला, चिकचिकीत लगदा हातात येईल. म्हणून कोकणात कंपोस्ट पावसाळ्यात हमखास बिघडतं, सडतं, वास सुटतो, आणि लोक म्हणतात ‘आमच्याकडे होत नाही’. होतं की! फक्त सुकं आत्ता भरून ठेवावं लागतं. रेशनच्या, सिमेंटच्या, खताच्या गोण्या प्रत्येक घरात आहेत. दर घरटी सात-आठ गोण्या पातेरा दाबून भरून मांगरात किंवा पडवीत टाकायचा. काजू-आंब्याचं पान चिवट असतं, त्यावर आधी पोरांना नाचवा, चुरा झाला की लवकर कुजतं. कामही होतं आणि पोरं खूश.

हे जर त्या दुपारी सगळ्या घरांत झालं तर तुमचं प्रशिक्षण नव्वद टक्के झालं. उरलेलं मृगात.

आता हौद. आमच्या पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणायचे, त्यांनी जो हौद बसवला तो १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेली. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर लावत हौद भरायचा आणि वरून लिंपायचा. तीन-चार महिन्यांत खत. थोड्या शेणात भरपूर खत हे त्याचं वैशिष्ट्य, आणि शेतकऱ्याला हेच हवं असतं. पण तो हौद विदर्भाच्या पावसात जन्मला आणि काडीकचरा एकदम भरपूर असतो तिथे शोभतो. तुमच्याकडे तोच उघड्यावर बांधला तर जुलैत त्याची विहीर होते, सगळं सत्त्व खाली वाहून जातं. सरकारी अंदाजपत्रकात मात्र माप तेच येतं. ग्रामसेवकाला सांगून वर छप्पर धरून घ्या, नाहीतर घेऊ नका.

घरच्यासाठी मी लोकांना असं करायला सांगायचो. जांभ्याचे पडीक चिरे प्रत्येक घरामागे असतात. सिमेंट-बिमेंट काही नाही, नुसते कोरडे रचायचे, दोन चिऱ्यांत बोटभर फट ठेवायची. आतून तीन फूट लांब, तीन रुंद, तीन उंच. याहून लहान केला तर ऊब धरत नाही. जागा उंचवट्याची, झाडाखालची. तळाला नारळाची सोडणं (वरची साल) आणि काटक्या, म्हणजे पाणी निथळतं. मग ओलं, त्यावर पातेरा, मूठभर जुनं शेणखत. वर झावळ्यांचा झाप, आणि झापावर एक तिरका पत्रा. पत्रा उडू नये म्हणून दोन चिरे. बस. वीस-बावीस दिवसांनी पावड्याने वरचं खाली.

शिकवताना तीन घमेली घेऊन जा. एकात नुसता सुका पातेरा, दुसऱ्यात पाण्याने गच्च झालेला, तिसऱ्यात बरोबर ओलावलेला. एकेकीला मूठ आवळायला सांगा. गच्च घमेल्यातून पाणी गळेल, सुक्यातून हातात काहीच लागणार नाही, तिसऱ्यातून फक्त तळहात दमट होईल, फार तर एखादा थेंब. ही मूठ एकदा कळली की पुढे कोणाला विचारावं लागत नाही. आंबूस, कुजका वास आला तर ओल जास्त किंवा हवा कमी, पातेरा घालून उलटं करायचं. गोठ्यातल्या मुतासारखा तिखट वास नाकात गेला तर नत्र जास्त, पुन्हा पातेराच. कसलाच वास नाही आणि काही होतही नाही, तर कोरडं पडलंय. औषध दोनच, पातेरा नाहीतर पाणी.

ऊब बघायला एक लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवा. बोलता बोलता काढा आणि सासूबाईंच्या हातात द्या. चटका बसला की त्या स्वतःच बाकीच्यांना बोलावतात. मी किती व्याख्यानं दिली असतील, पण त्या सळईएवढं कोणी ऐकलं नाही.

मासळीची घाण या हौदात घालू नका, मांजरं आणि डुकरं हौद उचकटतात. माडाच्या आळ्यात दीड फूट खड्डा करून पुरायची, वर माती दाबायची, दर वेळी वेगळी बाजू. मासळी धुतलेलं पाणी केळीला.

आणि हो, तुमच्या पट्ट्यात हे काही नवं नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचं सोनखत केलं, तेही स्वतः फावडं हातात धरून, ज्या काळात लोक त्या कामाचं नाव काढत नव्हते. वयस्कर मंडळींपैकी कोणाला तरी आठवत असेल. त्यांनाच बोलायला लावा, तुम्ही गप्प बसा.

पाण्याचं वेगळं लिहितो, जेवण थांबलंय.

जुना_कृषीसहाय्यक

हं, पाणी.

तुम्हाला पडलेला प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर पीपीटीत नसणार. पीपीटी म्हणते छपराचं पाणी विहिरीत सोडा, पुनर्भरण करा. घाटावर हे ठीक. तिथे पाऊस कमी, विहीर रिकामी, खालचा खडक तहानलेला. तुमची विहीर जुलैच्या मध्यात काठोकाठ भरते, वाकून तांब्याने पाणी घेता येतं. भरलेल्या विहिरीत आणखी पाणी सोडून मे महिन्याला काय मिळणार? जांभा भोकांभोकांचा दगड. तो पाणी पितो पण सांभाळत नाही, दिवाळीपर्यंत सगळं झऱ्यांनी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आणि पऱ्यातून खाडीत. तुमच्याकडे पाऊस कमी पडत नाही, पाणी लवकर निघून जातं. म्हणून ते निघून जाताना अडवायचं, पडताना नव्हे.

म्हणजे काम आहे दसरा-दिवाळीच्या सुमारास. पऱ्या अजून वाहत असतो, जोर ओसरलेला असतो, तेव्हा वनराई बंधारा घालायचा. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंड शिवून, विटांसारख्या सांधे मोडत रचायच्या. मध्ये जादा पाणी जायला खालची जागा ठेवायची, नाहीतर कडेने माती कापून पाणी पळतं. वाडीतली दहा-पंधरा माणसं असली तर लहान पऱ्यावर एका दिवसाचं काम. पाणी अडलं की आजूबाजूच्या जमिनीत मुरतं आणि जवळच्या विहिरींची पातळी हळू उतरते. वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एकापाठोपाठ दोनतीन घातले तर जास्त बरं. एक काळजी मात्र घ्या. उन्हाने त्या गोण्यांचे तंतू सुटतात. मे महिन्यात गोण्या उचलून आणायच्या, नाहीतर तेच प्लास्टिक भातशेतीत जातं. हे फारसं कोणी सांगत नाही. बंधाऱ्याचा फोटो काढला की सगळे निघून जातात.

छपराचं पाणी साठवायचंच असेल तर विहिरीसाठी नाही, पिण्यासाठी साठवा. हिशोब बायकांकडूनच करून घ्या. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा, बिस्किटाचा चालेल, पण बादली नको कारण ती वर रुंद असते. पावसात अंगणात उघड्यावर ठेवायचा आणि पट्टीने मोजायचं. डब्यात दहा सेंटीमीटर साठलं म्हणजे १०० मिलिमीटर. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस फूट बाय पंचवीस फूट घर म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. १०० मिलिमीटरच्या एका दिवसात त्यावर ४,६०० लिटर पडतं. उडालं, सांडलं, कौलात मुरलं ते वजा करा, तरी साडेतीन हजार लिटर हाताशी. तुमच्याकडे असा दिवस जुलैत नवलाचा नाही.

आता गरज बघा. पाच माणसांचं घर, पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी दहा लिटर. रोजचे ५० लिटर. एप्रिल-मेचे ६० दिवस धरले तर ३,००० लिटर. म्हणजे एका जोरदार दिवसाचा पाऊस त्या घराला टँकरच्या दोन महिन्यांचं पिण्याचं पाणी देतो. हा हिशोब जेव्हा त्या स्वतः मांडतील तेव्हा तुम्हाला तोंड कुठे लपवायची गरज राहणार नाही.

टाकी बंद, आत उजेड न जाणारी, हवेच्या भोकाला बारीक जाळी. नाहीतर डासांची पैदास आपणच केली. जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं, ज्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्या छपराचं पाणी पिण्यासाठी धरू नका. कौलावर शेवाळ असतं, कावळे बसतात, म्हणून उकळूनच प्यायचं. शेवटची भरणी हस्ताच्या पावसाच्या आत उरकायची. तोपर्यंत टाकीतलं पाणी वापरत राहा, भरत राहा. छप्पर तेव्हा तीन महिने धुतलेलं असतं.

गोदाकाठचे दादा, तुमचा शोषखड्डा उत्तम आहे, पण संगमेश्वरात जुलैत जमिनीतलं पाणीच इतकं वर येतं की खड्डा उलटा भरतो. शिवाय जांभ्यातून पाणी गाळून जात नाही, सरळ धावतं. विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा, अशी जागा वाडीत सगळ्यांकडे नसते. तिथे न्हाणीचं पाणी चर काढून केळी, कर्दळ, अळूला द्यावं. अळू तर कोणाला सांगायलाच नको.

पाइपवाला

मी रत्नागिरीत प्लंबिंगची कामं करतो. काकांशी सहमत, फक्त पाइपाचं बोलतो, कारण नंतर लोक आमच्या नावाने खडे फोडतात.

दुकानात ‘फर्स्ट फ्लश’ म्हणून एक उभा पाइप विकतात. पहिलं घाण पाणी त्यात अडकतं आणि पुढचं स्वच्छ टाकीत जातं, असं सांगतात. चार इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये पाणी मावतं आठ-साडेआठ लिटर. काकांच्या ४६ चौरस मीटर छपरावर नुसता एक मिलिमीटर पाऊस पडला तरी ४६ लिटर होतात. मग त्या मीटरभर पाइपाने धुतलं काय? पैसे वाया.

त्यापेक्षा पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपाला शेवटी एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, लावा आणि त्या एका सांध्याला सोल्युशन लावू नका. नुसता घट्ट बसवा. हाताने फिरतो. मृग-आर्द्रात तोंड अंगणाकडे, पाणी वाया जाऊ द्या. छप्पर धुतलं गेलं, पाणी निवळ दिसायला लागलं की तोंड टाकीकडे. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली तर परत एक सर बाहेर जाऊ द्यायची. टाकीच्या तोंडावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी बांधा आणि ती धुवा. धुवायचं काम कोणाचं ते आधी ठरवा.

पन्हळ पीव्हीसी पाइप उभा चिरूनही होते. पागोळ्यांच्या खाली नीट यायला हवी. कौलाच्या कडेपासून फार खाली बांधली तर जोराच्या सरीला पाणी पन्हळीच्या पलीकडे उडी मारतं. टाकीच्या दिशेला थोडा उतार द्या. दहा फुटाला एक इंच पुरे.

वाडीवरची_ताई

सगळ्यांचे खूप आभार. काका, तुमचं वाचून पीपीटी बाजूला ठेवली. वरच्यांना फोटो लागतात, तर पातेऱ्याच्या गोण्यांसमोर बायकांना उभं करून काढीन.

असं ठरवतेय. या आठवड्यात तीनही वाड्यांत नुसता पातेरा आणि मूठ. चाकरमान्यांची पोरं आहेतच, त्यांना नाचायला लावते. मृगात एकेका घरी चिऱ्यांचा हौद. डबा मोजायचं काम शाळेत जाणाऱ्या मुलींना देते, त्या भिंतीवर खडूने लिहून ठेवतील. बंधाऱ्याचं दसऱ्याला. ग्रामसभेत ‘बंधित’ विचारणार आहे, बघू चेहरा. :)

सासू-सुनेला एकत्र बोलवायची सूचना वाचून आमच्या गटात हशा पिकला, पण बरोबर आहे ते.

दोन शंका. एक, भाजावळीला, म्हणजे तरव्याची, भाताच्या रोपांची जागा भाजायला, पातेरा लागतो. बायका म्हणतील सगळा खतात घातला तर तरव्याला काय जाळायचं? दुसरी, हौदापाशी उंदीर येतात, उंदरामागे साप. आणि आमच्याकडे पावसात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. एकीने हे आत्ताच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

जुना_कृषीसहाय्यक

भाजावळीला हात लावू नका, म्हणजे पहिल्या वर्षी तरी. ज्या बाईला तरवा महत्त्वाचा तिच्याशी पातेऱ्यावरून वाद घातलात तर ती हौदही करणार नाही. भाजावळीला शेताकडचा पातेरा, कवळ (झाडांच्या तोडलेल्या पाल्याच्या फांद्या) वापरतात. तुम्ही घराभोवतीचा, खळ्यावरचा, रस्त्याकडेचा घ्या, जो नाहीतरी झाडून एका कोपऱ्यात पेटवतात. तेवढा पुरतो. पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे खत झालंय त्यांनी अर्ध्या तरव्याला भाजावळ आणि अर्ध्याला खत देऊन बघावं. त्यांचं त्यांना कळेल.

उंदरांचं त्या बाईने बरोबर विचारलं, तिला पुढच्या दुपारी पुढे बसवा. शिजलेलं अन्न, भात, मासळी, खोबऱ्याचा चोथा उघडा पडला की उंदीर येतो. नुसत्या साली-देठांना आणि पातेऱ्याला तो फारसा विचारत नाही. शिजलेलं कोंबड्यांना द्या, हौदात नको. टाकलंच तर मधोमध खड्डा करून, वर पातेरा चार बोटं. हौद घराला चिकटून नको, गोठ्याला आणि लाकडांच्या ढिगालाही चिकटून नको, चहूबाजूंनी फिरता यावं. भोवतीचं गवत कापून ठेवा. उलटं करताना आधी पावड्याच्या दांड्याने चिऱ्यांवर ठोका आणि क्षणभर थांबा, आत काही असेल तर निघून जाईल.

लेप्टो उंदराच्या मुतातून पाण्यात-चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शिरतो. पावसात हौदाचं काम अनवाणी करायचं नाही. गमबूट आणि हातमोजे. गटाने एकच जोड घेतला तरी चालतो, घरोघर फिरवा. पायाला जखम असेल तिने त्या दिवशी पावडं दुसरीकडे द्यावं. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणं असं काही झालं तर घरगुती काढे न करता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं आणि डॉक्टरांना ‘चिखलात काम केलंय’ हे सांगायचं. आशाताईला त्या दुपारी बोलावून घ्या, हे तिच्या तोंडून आलेलं बरं.

पाइपवाला

ताई, एल्बो ७५ मिलिमीटरचा घ्या, ११० चा हाताने फिरवायला जड जातो. आणि पन्हळ बांधायला मृगाची वाट बघू नका, ओल्या कौलांवर कोणी चढत नाही.

वाडीवरची_ताई

बरं. शिडी आमच्याकडे आहे. चढायला मुंबईचा भाचा आहे, परवा जायच्या आत त्याच्याकडून करून घेते.